नागीण गेली, विख मागं राहिलं



नेकनूरजवळच्या ज्या पारधी वस्तीवर मी औषधांची पेटी घेऊन जाते, तिथल्या एक मावशी गेल्या उन्हाळ्यापासून उपासनेला येईनाशा झाल्या. वय साठीच्या आसपास. चौकशी केली तेव्हा सून म्हणाली, "काही नाही सिस्टर, नागीण झाली होती, ती कवाच गेली. आता नुसत्या पडून राहत्यात." शेजारणीचं मत होतं की मावशी कामाच्या भीतीनं सोंग करतात. आणि माझ्या वहीत मीच दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं : 'नागीण बरी झाली.'

आत गेले तर मावशी डाव्या कुशीवर पडलेल्या. उजव्या बरगडीवरचं पातळ त्यांनी हातानं उचलून धरलं होतं. म्हणाल्या, "कापड लागलं की निखारा ठेवल्यावानी होतं. वाऱ्याची झुळूक बी सोसत नाही. नागीण गेली सिस्टर, विख मागं राहिलं."

शिकलेल्या माणसालाही याहून नेमकं सांगता आलं नसतं. म्हणून या वेळचा आरोग्यपाठ त्यांच्या वाक्यावरच घेते.

नागिणीचा सापाशी काही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथं तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय झालं, मधुमेहानं किंवा दुसऱ्या आजारानं प्रतिकारशक्ती खालावली, की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. हे कोडं सोडवण्यात एका गावच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरचे एडगर होप-सिम्पसन. त्यांनी आपल्याच दवाखान्यातल्या १६ वर्षांच्या नोंदी जुळवून १९६५ साली दाखवलं, की नागीण बाहेरून येत नाही, आतलाच जुना पाहुणा उठून बसतो. वहीत नीट नोंद ठेवण्याचं मोल मला त्यांच्यामुळं पटलं. माझ्या वहीचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

आपल्याकडं म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस दगावतो. ही भीती अनाठायी आहे. प्रत्येक मज्जातंतू कण्यापासून निघून शरीराच्या एकाच बाजूला जातो, म्हणून फोडांचा पट्टा सहसा छातीच्या किंवा पाठीच्या मध्यावर थांबतो आणि विळखा पुरा होत नाही. मांत्रिकाकडं जाऊन नागीण उतरते, हेही लोक डोळ्यांनी पाहतात, त्यांना खोटं पाडून उपयोग नाही. फोड सात ते दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरे होतात. मंत्र म्हटला काय, गेरू लावला काय, किंवा काहीच केलं नाही काय, फोड जाणारच. यश मांत्रिकाच्या पदरात पडतं. घरच्यांचे मोलाचे दिवस मात्र त्यात निघून जातात.

ते दिवस तीनच आहेत. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिरसारखं विषाणूविरोधी औषध सुरू झालं, तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. फोड लवकर सुकतात, सुरुवातीच्या वेदना कमी होतात. पुढची वेदना हमखास टळते असं नाही, तरीही ही वेळ दवडू नये. पुरळ येण्याआधी एक ते पाच दिवस तिथं नुसती आग, ठणका किंवा मुंग्या येतात, तेव्हा कोणी उसण म्हणतं, कोणी पित्त. एकाच बाजूला असा जळजळता पट्टा आणि त्यावर पाण्याच्या फोडांचे घोस दिसले, की दवाखाना गाठावा. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी, कारण दृष्टी जाऊ शकते. तरुण माणसाला नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. आणि फोड ओले असेपर्यंत झाकून ठेवावेत. त्यातल्या पाण्यातून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना जपावं.

आता मावशींचं विख. नागीण झालेल्या शंभरातल्या साधारण दहा ते अठरा जणांना कातडी बरी झाल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ वेदना राहते. वय जितकं जास्त, तितका धोका जास्त. विषाणूनं मज्जातंतूलाच इजा केलेली असते. तो तंतू मग कारण नसताना वेदनेचा निरोप धाडत राहतो, आणि पदराचा साधा स्पर्शही मेंदूकडं भाजल्यासारखा पोचतो. वर पाहावं तर जखम नाही, सूज नाही, फार तर एखादा फिकट डाग. घरच्यांचा विश्वास उडतो तो इथंच.

अशी वेदना मोजताना डॉक्टर ती किती आहे एवढंच विचारत नाहीत. तिच्यामुळं रोजचे व्यवहार, मन, चालणं, काम, माणसांशी संबंध, झोप आणि जगण्यातला आनंद यांत किती अडथळा येतो, असे सात प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. मी मावशींना ते आमच्या भाषेत विचारले. झोपेला त्यांनी दहा दिले. कामाच्या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दसरा-दिवाळीला टोळी ऊसतोडीला निघते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. ज्या बाईला पदर सोसत नाही, ती उसाची मोळी कशी उचलणार? माणसांशी संबंध या प्रश्नावर म्हणाल्या, "नातू मांडीवर आला की मी ढकलते. त्याला वाटतं आजी रागावली."

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथं फारशा चालत नाहीत. अमिट्रिप्टिलीन, गॅबापेन्टिन, प्रेगाबालिन ही औषधं डॉक्टर देतात, तीही थोड्या मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवत. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो, म्हणून रात्री उठताना कोणीतरी सोबत हवं. एक अडचण मी वारंवार पाहते. यातल्या काही गोळ्या फिट किंवा उदासीनतेसाठीही वापरतात. तसं कुणीतरी घरी सांगतं आणि "म्हातारीला वेडाची गोळी दिली" म्हणून ती बंद होते. गोळी तंतूला शांत करण्यासाठी आहे, हे पहिल्याच दिवशी घरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं.

नागिणीची लसही आहे. पन्नाशीपुढच्यांसाठीची दोन डोसांची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. किंमत वस्तीवरच्या माणसाच्या आवाक्यातली नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांना परवडते, त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून दाखवून दिलं, की अक्षरओळख नसलेली गावातली बाईही आरोग्याचं काम उत्तम शिकते. त्याच भरवशावर मी मावशींच्या सुनेला 'एका बाजूचा पट्टा, तीन दिवस' एवढं शिकवलं. परवा तिनं वस्तीवरच्या एका गड्याला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं.

मावशींना मी केजमार्गे अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. औषध सुरू होऊन तीन महिने झाले. दुखणं गेलेलं नाही. पण रात्री चार-पाच तास झोप लागते, आणि नातू आता डाव्या मांडीवर बसतो. गेल्या रविवारी त्या उपासनेला आल्या, उजव्या बाजूला कुणाचा धक्का लागू नये म्हणून भिंतीकडेला बसल्या. वहीतली माझी जुनी ओळ मी खोडली आणि तिथं लिहिलं : 'फोड बरे. वेदना चालू. दर पंधरा दिवसांनी विचारणे.'