शास्त्र गप्प, पडदा बोलका

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत मी बरीच वर्षं रविवारची शाळा घेतो. मोठी माणसंही मला मास्तर म्हणतात, म्हणून एक कबुली देऊन टाकतो. माझं निम्मं बायबल वसतिगृहाच्या पटांगणात, बांबूंना ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर झालं. उरलेलं वाचायला फार उशीर केला. त्या उशिराने शिकवलेल्या या चार गोष्टी. (मोजल्या तर सात भरल्या. हिशेबातही मी असाच.)

१. जे पाठ आहे असं वाटतं, ते पुष्कळदा नुसतं पाहिलेलं असतं. एकदा पोरांना मोशेची गोष्ट रंगवून सांगत होतो. रामसेस फारो, त्याची देखणी राणी, तिचं मोशेवरचं जुनं प्रेम. मागे बसलेल्या मावशींनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "मास्तर, हे कुठल्या अध्यायात?" मी ऐटीत निर्गम उघडलं. फारोला तिथे नावच नाही! रामसेस सापडला, पण तो इस्राएल लोकांनी बांधलेल्या कोठारांच्या एका नगराच्या नावात. राणीच्या प्रेमाचा तर मागमूस नाही. सेसिल डमिल यांच्या १९५६ च्या 'द टेन कमांडमेंट्स'मधला युल ब्रायनर इतकी वर्षं माझ्या डोक्यात शास्त्रवचन होऊन बसला होता.

२. चमत्काराला घाई नसते, घाई पडद्याला असते. तांबडा समुद्र दुभंगायला डमिलनी १९२३ च्या मूकपटात जेली वापरली होती. जेली वितळत गेली आणि ती फिल्म उलटी फिरवली. १९५६ साली मोठ्या टाकीत पाणी कोसळवलं, तेही उलटं दाखवलं, आणि त्या करामतींना ऑस्कर मिळालं. हे कळल्यावर मी खट्टू झालो होतो. मग कधीतरी निर्गमाचा चौदावा अध्याय सावकाश वाचला. पूर्वेचा जोराचा वारा रात्रभर वाहत होता, असं तिथे आहे. रात्रभर! म्हणजे मागे फौज, पुढे पाणी, कडेवर पोरं, पायात शेरडं-मेंढरं, आणि अंधारात नुसता वारा. त्या रात्री कुणाला काही कळलं तरी असेल का? पडद्यावर ती रात्र काही मिनिटांत आटोपते. मला आता जेलीचं काही वाटत नाही. त्या रात्रीचं वाटतं.

३. न दाखवलेलं जास्त दिवस टिकतं. १९५९ च्या 'बेन-हर'ला अकरा ऑस्कर मिळाली. त्यातली रथांची शर्यत सगळ्यांना आठवते, मला आठवते ती पाठ. त्या अख्ख्या चित्रपटात येशूचा चेहरा आपल्याला दिसत नाही. तो तहानलेल्या बेन-हरला पाणी पाजतो, रोमी शिपाई खेकसत येतो, त्याच्या तोंडाकडे बघतो आणि वरमतो. आपल्याला दिसतो तो शिपायाचा चेहरा. मी तेव्हा दहा वर्षांचा. चेहरा पलीकडून दिसेल म्हणून उठून चादरीच्या मागे गेलो. तिथेही पाठच, फक्त उजव्याचं डावं झालेलं. वर कान पिरगाळला गेला तो वेगळा. पुढे चारही शुभवर्तमानं चाळली, तेव्हा कळलं की येशूचा रंग, उंची, नाकडोळे कुणीच लिहून ठेवलेले नाहीत. तिथेही मी चादरीमागेच उभा होतो.

४. भक्ती कुठून येईल याचा नेम नाही. पिएर पाओलो पासोलिनी नास्तिक आणि मार्क्सवादी. असल्या माणसाचा ख्रिस्तपट कशाला बघायचा, म्हणून मी तो टाळत राहिलो. त्याचा १९६४ चा 'मत्तयकृत शुभवर्तमान' शेवटी पाहिला आणि गप्प झालो. इटलीतल्या मातेरा गावच्या दगडी गल्ल्या, नट नव्हेत अशी साधी माणसं, येशूच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, आणि संवाद मत्तयाचेच. क्रुसाखालची म्हातारी मरीया ही पासोलिनीची खरी आई. तिचा धाकटा मुलगा १९४५ साली मारला गेला होता. कॅमेऱ्यामागे उभ्या थोरल्याला आपण कुठलं रडणं टिपतोय हे ठाऊक नसेल? मी माझ्या पूर्वग्रहाची घडी घालून कपाटात ठेवली. टाकून दिली म्हणालो असतो, पण मावशी हे वाचतील.

५. जास्त दाखवलं म्हणजे जास्त कळलं असं नाही. मेल गिब्सनचा २००४ चा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' पाहून मी हादरून बाहेर पडलो आणि त्यालाच श्रद्धा समजलो. घरी येऊन मत्तय, मार्क, योहान काढले. फटक्यांची गोष्ट तिघांनीही एकेका वाक्यात उरकली आहे. चित्रपटात ती संपता संपत नाही. मला इतके दिवस तो शुभवर्तमानकारांचा आखडता हात वाटायचा. आता वाटतं, आपल्या माणसाचे हाल सांगताना घरचा माणूस असाच एका वाक्यात सांगतो आणि विषय बदलतो.

६. दुसऱ्याच्या गोष्टीत आपली गोष्ट दिसते. गिरगावात ख्रिस्तचरित्राचा मूकपट बघताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. हे मी छाती फुगवून सांगायचो, जणू फाळक्यांचं तिकीट मीच काढलं होतं. पण त्याच्याही तीनशे वर्षं आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स या इंग्रजाने गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेही मराठी ओवीत. तेव्हा गोष्ट कुणाची, हा हिशेब मी सोडून दिला.

७. आणि शेवटी मीही तेच केलं. गेल्या वर्षी पोरांचं अब्राहाम-इसहाकाचं नाटुकलं बसवलं. मोरियाच्या वाटेवर बापलेक तीन दिवस चालतात, आणि त्या तीन दिवसांबद्दल उत्पत्तीत जवळपास काहीच नाही. मी चार पानं संवाद लिहिले, मग मावशींचा चष्मा आठवून फाडले. ठरलं की दोघांनी पटांगणाला मुकाट तीन फेऱ्या मारायच्या. ग्रंथात गाढव आहे, पण गाढव व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मोळी पहिल्यापासून इसहाकाच्याच डोक्यावर. तिसऱ्या फेरीला ती घसरली. अब्राहाम झालेला आठवीतला पोरगा थांबला, त्याने मोळी सारखी केली, लेकाच्या कपाळाला लागलेली काटकी काढून टाकली आणि पुन्हा चालू लागला. हे मी सांगितलेलं नव्हतं. ग्रंथातही नाही.

मावशींनी अध्याय विचारला नाही.