शनवार तेली

मुंबईच्या दक्षिणेस खाडी ओलांडली, की रायगड जिल्ह्याचा किनारा लागतो. या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा. नारळी-पोफळींच्या वाड्या, भाताची खाचरे आणि त्यांना लागूनच समुद्र, असा हा मुलूख आहे. अलिबागच्या उत्तरेस या किनाऱ्यावर नवगाव नावाचे एक गाव आहे. तेथे समुद्रापासून जवळच फार जुने दफनस्थान आहे. बेने इस्रायल लोक या जागेला आपल्या पूर्वजांची पहिली भूमी मानतात.

त्यांची परंपरा अशी सांगते, की फार प्राचीन काळी पश्चिमेकडून आलेले एक गलबत येथे खडकावर आपटून फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. बुडालेल्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली. वाचलेल्यांनी त्यांना नवगावी मूठमाती दिली. गलबताबरोबर त्यांचे धर्मग्रंथही समुद्राच्या तळाशी गेले. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांचे एकमत नाही. कोणी बाविसशे वर्षांचा काळ सांगतात, तर कोणी तो पुष्कळच अलीकडे ओढतात. अलीकडे, सन २०१६ मध्ये, आनुवंशिकतेच्या शास्त्रज्ञांनी या समाजाची तपासणी प्रसिद्ध केली. तीत पश्चिम आशियातील यहुदी लोकांचा आणि भारतातील लोकांचा, असा दोहोंचा वारसा त्यांच्या ठायी आढळला.

वाचलेल्या माणसांच्या वंशजांनी कोकणात तेल गाळण्याचा धंदा पत्करला. देशावर, कोल्हापूरकडे जशी उसाची गुऱ्हाळे, तसे कोकणातल्या गावोगाव त्या काळी तेलाचे घाणे असत. कालांतराने ते येथलेच होऊन गेले. भाषा मराठी, पेहराव येथला, नावेही समाजी, हसाजी, इसाजी अशी. गावांवरून आडनावे पडली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर. हिब्रू भाषा ते पूर्णपणे विसरले. प्रार्थनामंदिर नव्हते, पोथी नव्हती, धर्म सांगणारा गुरूही नव्हता. जगात आपल्यासारखे आणखी कोणी आहेत की नाहीत, हेसुद्धा त्यांना ठाऊक नसावे.

तरीही काही गोष्टी मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. शुक्रवारी सूर्य मावळला, की त्यांचा घाणा थांबे, आणि शनिवारी सायंकाळपर्यंत तो पुन्हा फिरत नसे. शेजारच्या हिंदू तेल्यांचा घाणा महादेवाच्या वारी, म्हणजे सोमवारी, बंद राही. त्यामुळे गावकऱ्यांनी दोघांना दोन नावे ठेवली. ते सोमवार तेली आणि हे शनवार तेली. तेल विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांनी सोयीसाठी ठेवलेल्या या नावात एका हरवलेल्या धर्माची खूण जपली गेली. मुलाची सुंता ते आठव्या दिवशी करीत. खवले आणि पर नसलेला मासा त्यांच्या घरात शिजत नसे. कोकणात राहून कोळंबी, खेकडा, मुशी आणि वाम यांना हात न लावणे ही काही लहान गोष्ट नव्हे! आणि हिब्रूतले एकच वचन त्यांना मुखोद्गत होते. ईश्वर एक आहे, अशी ग्वाही देणारे ते वचन ‘शेमा’ या नावाने ओळखले जाते. जन्म, लग्न, मृत्यू, प्रसंग कोणताही असो, ते त्याचाच उच्चार करीत. त्याचा शब्दशः अर्थ कितीजणांना कळत असेल, कोण जाणे.

सणही उरले होते. परंतु त्यांची मूळ नावे विसरली गेली आणि त्यांच्या जागी मराठी नावे आली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. त्यानंतर दहाव्या दिवशी, पापक्षालनाच्या मोठ्या उपवासाच्या दिवशी, ते शुभ्र वस्त्रे नेसून घराची दारे लावून घेत आणि बाहेरच्या कोणाशीही संपर्क ठेवीत नसत. म्हणून तो दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी दारे उघडत, दानधर्म होई. तो शिळा सण. यरुशलेमचे मंदिर ज्या दिवशी उद्ध्वस्त झाले, त्या शोकाच्या दिवशी जगभरचे यहुदी उपवास करतात. कोकणातले हे लोकही उपवास करीत आणि तो सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे खात. त्यावरून त्याला बिरड्याचा सण हे नाव पडले. मंदिर विस्मरणात गेले होते. बिरडे उरले होते.

विस्मृतीच्या या काळाला पहिला छेद कसा गेला, याची एक कथा बेने इस्रायल आवडीने सांगतात. दक्षिणेतील कोची येथे यहुद्यांची जुनी वसाहत होती. तेथील रहाबी घराण्यातला डेव्हिड नावाचा एक गृहस्थ कोकणात आला. शनिवारी काम न करणारे हे तेली यहुदी असावेत असा त्याला संशय आला. त्याने एका घरी निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र आणून दिले आणि ते शिजवावयास सांगितले. घरच्या बायकांनी मासे निवडले; खवले-पर असलेले एकीकडे घेतले आणि बाकीचे, आम्ही हे खात नाही, असे सांगून बाजूला सारले. पाहुण्याला हवी होती ती ओळख पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतील पुरुषांना धर्मविधी शिकवले. त्यांना लोक काजी म्हणू लागले. हा डेव्हिड नेमक्या कोणत्या शतकात आला, याबद्दल सांगणाऱ्यांत मोठी तफावत आहे. पण या कथेतले मर्म तारखेत नाही. धर्माची परीक्षा झाली ती पंडितांची नव्हे, चुलीपुढच्या स्त्रियांची. आणि त्या परीक्षेत उतरल्या. ज्या समाजाजवळ ग्रंथ नव्हता, त्याचा धर्म स्वयंपाकघराने सांभाळला होता.

अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली, तसे हे लोक घाणे सोडून तेथे येऊ लागले. कोणी सुतारकामात शिरले, तर पुष्कळजण कंपनी सरकारच्या पलटणीत भरती झाले. त्यांपैकीच एक अधिकारी समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. म्हैसूरच्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. कैद्यांना शिक्षा होण्याच्या वेळी त्याने आपली जात बेने इस्रायल अशी सांगितली. हे नाव कुराणात आलेले आहे, हे टिपूच्या मातेने ओळखले आणि तिच्या रदबदलीने त्याचा प्राण वाचला, असे सांगतात. सुटून आल्यावर त्याने मुंबईस मांडवी भागात सन १७९६ मध्ये प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. बेने इस्रायलांचे हे पहिले मंदिर होय. ते त्याला मशीदच म्हणत. आणि जवळच्या मस्जिद बंदर या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच आले, असे मानतात. मंदिर झाले, परंतु त्यात ठेवावयास तोराची गुंडाळी हवी होती. ती मिळविण्यासाठी समाजी कोचीस गेला आणि तेथेच सन १७९७ मध्ये वारला.

पुढच्या शतकात कोचीहून शिक्षक आले. मुंबईत व गावोगाव त्यांनी हिब्रू अक्षरे शिकवली, प्रार्थनेची रीत बसवून दिली. परंतु याच काळात एक मदत अगदी अनपेक्षित दिशेने आली. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन सन १८२९ मध्ये मुंबईस आले. या समाजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी त्यांच्या मुलांना शाळेत घेतले, आणि सन १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे एक व्याकरण मराठीतून छापले. बायबलाचा जुना करारही मिशनऱ्यांनी मराठीत आणला. आणि जुना करार हा मुळात यहुद्यांचाच धर्मग्रंथ. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा शनवार तेल्यांची मुले आता आपल्या मातृभाषेत वाचू लागली. आपले दारफाळणी आणि बिरडे कोठून आले, हे त्यांना त्या पानांत सापडले. मिशनऱ्यांनी शिकवले मनापासून. शिकणाऱ्यांनी त्याचा उपयोग मात्र आपल्याच जुन्या धर्माच्या वाटेने परत जाण्यासाठी केला. धर्मांतर फारच थोड्यांनी केले.

त्यानंतर जे काम झाले ते या समाजाच्या स्वतःच्या माणसांनी केले, आणि ते बहुतांशी मराठीत केले. मिसर देशाच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा सण यहुदी लोक दरवर्षी पाळतात. त्या रात्री घरातले लेकरू प्रश्न विचारते आणि वडीलधारी माणसे त्याला सुटकेची कथा सांगतात. या कथेच्या पोथीला हग्गादा म्हणतात. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत सन १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली. दुसरी सन १८७४ मध्ये पुण्यास निघाली. तिच्यातील एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकर करताना दाखवल्या आहेत. ज्याला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती, अशा मुलालाही आता आपला प्रश्न विचारता येऊ लागला आणि त्याचे उत्तर समजू लागले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईतील एका शाळेचे मुख्याध्यापक आणि हिब्रूचे जाणकार होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची कितीतरी पुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) यांनी सन १८७५ मध्ये समाजातील मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी सन १८९७ मध्ये लिहून पुरा केला; तो छापून निघाला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, सन १९३७ मध्ये. वर आलेली सणांची जुनी मराठी नावे आज आपल्याला कळतात, ती मुख्यतः त्यांच्या या ग्रंथामुळे. याच सुमारास, सन १८८० पासून, या मंडळींनी कीर्तनेही सुरू केली. ढंग ज्ञानोबा-तुकोबांच्या कीर्तनाचा. आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे. एकोणिसाव्या शतकातच रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे मंदिरे उभी राहिली. ज्या गावांत पूर्वी घाणे थांबत, त्या गावांत आता शनिवारी तोरा वाचली जाऊ लागली.

परत येणे इतके पुरे झाल्यावर त्याबद्दल कोणी शंका घ्यावी, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. सन १९४८ मध्ये इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील वर्षांत हजारो बेने इस्रायल तेथे जाऊन राहिले. तेथे त्यांच्या तरुणांची इतर यहुद्यांशी लग्ने ठरू लागली, तेव्हा काही धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप काढला. हे लोक शतकानुशतके शास्त्रापासून दूर होते. त्या काळात त्यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? सन १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने असा नियम केला, की बेने इस्रायल वधूवरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. विस्मृतीची जी वर्षे पूर्वजांनी सोसली, तीच आता नातवंडांच्या विरुद्ध पुरावा म्हणून मांडली गेली. त्यांना हा अपमान सहन झाला नाही. सन १९६४ च्या उन्हाळ्यात ते सहकुटुंब यरुशलेमला जमले आणि त्यांनी धरणे धरले. अखेर त्या देशाच्या संसदेने आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी या समाजाची बाजू घेतली. ते सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असे जाहीर झाले, आणि धर्मपीठाला आपल्या नियमातून त्यांचे नाव काढावे लागले.

आज महाराष्ट्रात हा समाज फार थोडा उरला आहे. राज्य सरकारने सन २०१६ मध्ये त्याला अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली. रायगडातील काही मंदिरांत प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष जमवणेही कठीण जाते. इस्रायलमध्ये मात्र मराठी बोलणारी घरे आहेत, आणि तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे.

शास्त्र शिकल्यावर या लोकांनी आपल्या सणांना मूळ हिब्रू नावे पुन्हा दिली, पुष्कळशा रीती सुधारून घेतल्या. परंतु एक विधी त्यांनी जसाच्या तसा ठेवला, आणि तो इतर यहुद्यांत कोठे आढळत नाही. त्याला मलिदा म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलिया प्रेषिताचा रथ तेथूनच स्वर्गाला गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे; खडकावरच्या खुणा ते रथाच्या चाकांच्या म्हणून दाखवतात. नवस फेडावयाचा असो, लग्न ठरलेले असो, की परदेशी गेलेले कुटुंब कोकण पाहावयास आलेले असो, ते येथे येतात. गोड केलेले पोहे, ओल्या नारळाचा कीस, वेलची आणि वर मांडलेली फळे असे तबक मधोमध ठेवतात. एलियाच्या नावाने हिब्रू प्रार्थना म्हणतात. प्रार्थना संपली, की घरातली वडील बाई पोह्यांची एकेक मूठ आणि फळाची एकेक फोड प्रत्येकाच्या हातावर ठेवीत जाते.