मिठाची वाट आणि लमाणांचा तांडा



आपले चोपडे गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर आहे आणि समोर शिवोली. पूल होण्यापूर्वी पलीकडे जायचे तर धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत थांबावे लागे. रस्त्यात जिथे थांबणे भाग पडते, तिथे माणसे जमतात, देवाणघेवाण होते. मोटारी नव्हत्या, तेव्हा असे थांबे कसे ठरत, हे आज आपण पाहू.

किनाऱ्यावर मीठ पिकते, घाटमाथ्यावर ते मिळत नाही. शेजारच्या आगरवाड्याच्या नावातच 'आगर' म्हणजे मिठागर आहे. भरतीचे खारे पाणी आगरात घेऊन उन्हात आटवले की मीठ तयार होते. घाटावर धान्य असे, पण माणसांना आणि जनावरांना मीठ हवे असे. गोव्याच्या किनाऱ्यावरचे मीठ घाटावर पोहोचवण्याचे काम लमाण करत. त्यांनाच बंजारा असेही म्हणतात. परत येताना ते धान्य व इतर माल घेऊन खाली उतरत.

घाटाची वाट इतकी उभी, की गाडी चढत नसे. म्हणून माल बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी टाकून नेत. अशा बैलाला पाठाळ म्हणत. शेकडो बैल, माणसे, बायका-मुले आणि राखणीची कुत्री मिळून तांडा होई. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1632 साली उत्तर भारतात 14 हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे.

तांडा दिवसाला साधारण 10 ते 12 किलोमीटरच चाले. बैलांचा चारा बरोबर नेत नसत, त्यांना वाटेतच चरू द्यावे लागे. त्यामुळे मुक्कामाची जागा तीन गोष्टी पाहून ठरे: बारमाही पाणी, भरपूर गवत आणि गोणी उतरवण्यास मोकळा माळ. घाटाच्या पायथ्याचा मुक्काम विशेष महत्त्वाचा, कारण चढणीपूर्वी बैलांना विसावा हवा असे. बेळगावकडे जाणारा रामघाट ही अशीच एक जुनी वाट. आपल्या शापोरा नदीचा उगमही रामघाटाच्या परिसरातच आहे. पावसाळ्यात घाटवाटा निसरड्या होत आणि ओढे भरून वाहत. मीठही उन्हाळ्यातच तयार होई. त्यामुळे मिठाचा हंगाम आणि तांड्याचा हंगाम एकच.

मग हे मुक्काम ओस का पडले? 1878 साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली आणि अनेक मिठागरे बंद पडली. हा करार 1892 मध्ये संपला. दरम्यान 1888 साली मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली. घाटांत गाडीरस्तेही झाले. रेल्वेला बैलाच्या विसाव्याची गरज नव्हती. लमाणांचा पिढीजात व्यवसाय बुडाला. त्यातच 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक ठिकाणी बंजाऱ्यांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा 1952 साली रद्द झाला.

असेच दूर ऑस्ट्रेलियातही घडले. तिथल्या ओसाड प्रदेशात अफगाणिस्तान व त्या वेळच्या हिंदुस्थानातून गेलेले उंटवाले माल पोहोचवत. मारी हे छोटे गाव त्यांच्या उंटांच्या काफिल्यांचे ठाणे होते. पुढे मोटारलॉऱ्या आल्या आणि उंट रानात सोडून दिले गेले. मात्र तिथल्या एका रेल्वेगाडीला त्या उंटवाल्यांवरून 'द घान' हे नाव पडले. आजही ती गाडी त्याच नावाने धावते.

आपल्याकडे तांड्यांची आठवण कुठे आहे? आरसे लावलेले रंगीत कपडे घातलेल्या लमाणी बायका तुम्ही गोव्याच्या किनाऱ्यांवर माळा विकताना पाहिल्या असतील. त्यांतील बहुतेक कर्नाटकातून आलेल्या आहेत. "ही बाहेरची माणसे" असे आपण सहज म्हणून जातो. पण आपल्या किनाऱ्याशी त्यांच्या समाजाचे नाते रेल्वेपेक्षा जुने आहे. घाटावरच्या घराघरांत इथले मीठ पोहोचले, ते त्यांच्या पूर्वजांच्या बैलांवरून. एवढे लक्षात ठेवले, तरी त्यांच्याशी बोलताना आपला सूर बदलेल.

शब्दार्थ: पाठाळ – पाठीवर ओझे वाहणारा बैल, काफिला – एकत्र प्रवास करणारा समूह, ठाणे – कायमचा तळ.

स्वाध्याय
1. एक बैल 100 किलो मीठ वाही. 1000 बैलांच्या तांड्याचे मीठ नेण्यास 10 टनांचे किती ट्रक लागतील?
2. 60 किलोमीटरच्या वाटेवर तांड्याला किती दिवस लागतील?
3. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून फेरीच्या काळातील धक्क्याचे वर्णन दहा ओळींत लिहा.