चेस्टनटचा संकर

अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्यांत चेस्टनट हा वृक्ष एकेकाळी विपुल होता. १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यावर आशियातून आलेला बुरशीजन्य रोग आढळला. या जातीत रोगप्रतिकारशक्ती अत्यल्प असल्याने सुमारे पन्नास वर्षांत अब्जावधी वृक्ष नष्ट झाले. काही मुळे मात्र जिवंत राहिली. त्यांना आजही धुमारे फुटतात.

चिनी चेस्टनट हा रोग सोसतो. म्हणून शास्त्रज्ञांनी या दोन जातींचा संकर केला. पुढे संकरित झाडांचा निरनिराळ्या प्रदेशांतील अमेरिकी चेस्टनटशी पुन्हा संकर करण्यात आला. स्थानिक हवामानाशी जुळलेले गुण टिकावेत आणि सारे अरण्य एकाच वाणावर विसंबू नये, हा त्यामागील हेतू. प्रतिकारशक्ती अनेक जनुकांत विखुरलेली असल्याने हे कार्य अद्याप अपूर्ण आहे. आनुवंशिक विविधता ही अरण्याची संकटकाळची शिदोरी होय.