थार-जिम्नीला ‘भारी ब्रेक’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय विकायचं?

ब्रेकच्या व्हिडिओचा हा लेखी भाग. स्पेअर पार्टचं दुकान किंवा गॅरेज चालवत असाल तर शांतपणे वाचा, कारण यातला माल चुकीचा गेला तर तो फक्त रिटर्न येत नाही, ताम्हिणीच्या वळणावर गिऱ्हाइकाच्या जिवावर येतो.

पावसाळा तोंडावर आला की काउंटरवर एक गिऱ्हाईक हमखास येतं. थार नाहीतर जिम्नी, टायर मोठे टाकलेले, आणि मोबाईलवर भोकं पाडलेल्या डिस्कचा फोटो. “दादा, हा सेट मागवून द्या.” मार्जिन बरं दिसतं, हात ॲडव्हान्सकडे जातो. त्याआधी एक प्रश्न विचारा: ब्रेक नेमका कुठे कमी पडतोय?

समजा तो म्हणाला, “घाट उतरताना धरत नाही.” मग पुढचा प्रश्न: पायडल कसं लागतं? पायडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. पायडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडने दम सोडलाय. दोन्ही तक्रारी गिऱ्हाईक एकाच शब्दात सांगतं, “ब्रेक गेला”, पण विकायचा माल वेगळा.

उष्णता किती होते याचा हिशेब एकदा करून बघा. माणसं आणि सामान धरून 1,700 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच घेतला, तर जवळपास 2.3 युनिट विजेइतकी उष्णता तयार होते. हजार वॅटची इस्त्री सव्वादोन तास चालू ठेवण्याइतकी. ती अर्ध्या तासात, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 नवं असताना किमान 230 अंशाला उकळायला हवं. पाणी मुरल्यावर हाच आकडा 155 वर येतो. दोन वर्षं ऑइल न बदललेल्या गाडीला महागडी डिस्क बसवणं म्हणजे गळक्या टाकीला नवा नळ. (डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 4 मध्ये मिसळायचं नाही. डॉट 5.1 चालतं. नावं सारखी आहेत म्हणून पोरं गोंधळतात.)

आणि हो, डांबरी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, टू-व्हीलमध्येच उतरा असं सांगा. फोर-लो हा माती-चिखलासाठी आहे, कोरड्या डांबरावर नाही. हा सल्ला फुकट द्या, गिऱ्हाईक तो लक्षात ठेवतं.

दुसरं उत्तर येतं, “टायर टाकल्यापासून ब्रेक ढिला वाटतो.” बरोबरच वाटतं. जिम्नीचा कंपनीचा टायर 195/80 आर15, व्यास साधारण 693 मिमी. 235/75 आर15 टाकला की 733 च्या पुढे. चाक सुमारे 6 टक्के मोठं झालं, म्हणजे त्याच पायाच्या दाबाला जमिनीवरचा ब्रेक साडेपाच टक्क्यांनी घटला, शिवाय टायरचं वजन वाढलं ते वेगळं. इथे जास्त पकडीचा पॅड कामाला येतो. डिस्कचा व्यास वाढवायचा तर कॅलिपरचा ब्रॅकेट बदलावा लागतो आणि रिमच्या आत जागा लागते. 15 इंची रिममध्ये ती जागा फारशी नसते. रिम हातात घेऊन मोजल्याशिवाय असा किट विकूच नका.

आता चिखल. भोकाच्या डिस्कची भोकं चिखलाने आणि बारीक खड्यांनी बुजतात, आणि सारखी तापून-निवून भोकांच्या कडेला तडे जायला लागतात. ऑफ-रोडला मी ती सुचवत नाही, फोटोत कितीही छान दिसली तरी. चर पाडलेली डिस्क पॅडवरचं पाणी-माती पुसून काढते. पॅड थोडा लवकर झिजतो, थोडा आवाज येतो, हे आधी सांगून ठेवायचं. बाकी बहुतेकांना चांगल्या कंपनीची साधी डिस्क पुरते.

पॅड निवडताना लोक रेसिंगचा मागतात. तो तापल्यावर धरतो. दगडातून दहाच्या स्पीडने जाणारी, ओढ्यातून ओली होऊन आलेली गाडी तापतेच कुठे? तिला थंडपणी धरणारा पॅड हवा. बऱ्याच पॅडवर दोन इंग्रजी अक्षरांचा कोड असतो: पहिलं अक्षर थंड पकडीचं, दुसरं तापलेल्या. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याच्या वर 0.55 पर्यंत. घाट आणि ट्रेल दोन्ही करणाऱ्याला एफएफ किंवा जीजी, शक्यतो सेमी-मेटॅलिक. दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली घसरलेलं असेल तर घाटवाल्याला तो पॅड देऊ नका.

जुनी डिस्क ठेवायची की बदलायची हे डोळ्याने ठरवू नका. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. मोजायला मायक्रोमीटर वापरा. व्हर्नियर कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो.

या गाड्यांत मागे बहुतेक ड्रम असतात (रॉक्सच्या वरच्या मॉडेलला मागेही डिस्क आहे). ट्रेलनंतर ड्रममध्ये गाळ बसतो, लायनर घासतात, हँडब्रेक चढावर सोडतो. पुढे वीस हजार घातलेला माणूस मागचा ड्रम उघडतही नाही!

पैशाचं बोलू. समजा भोकाच्या डिस्क सेटवर 4,000 सुटतात. पॅड, ब्रेक ऑइल आणि ड्रम सफाईत 1,800. पण गाडीला लागलेली डिस्क सप्लायर सहसा परत घेत नाही. स्टिअरिंग थरथरतंय म्हणून गाडी दोनदा परत आली की लिफ्ट अडते, मजुरी जाते, 4,000 तिथेच संपतात. 1,800 वालं गिऱ्हाईक मात्र दर पावसाळ्यानंतर ड्रम सफाईला येतं, आणि ऑफ-रोड ग्रुपमधले आणखी दोघे घेऊन येतं.

डिलिव्हरी देताना पॅड बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 10-15 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, मधे थोडं अंतर, पूर्ण थांबायचं नाही, मग थंड होईपर्यंत सावकाश चालवायची. व्हील नट टॉर्क रेंचने आवळा. बिलावर किलोमीटर, डिस्कची मोजलेली जाडी आणि ऑइल बदलल्याची तारीख लिहा, आणि 500 किलोमीटरला फोन करून गाडी तपासायला बोलवा.