‘नैसर्गिक’ म्हटलं तरी विचारा

डिसेंबर लागला की अमेरिकेत घरी केलेल्या गोडाचे डबे या दारातून त्या दारात फिरू लागतात. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात शेजारून कुकीज येतात, फज येतो आणि अलीकडे घरी केलेले मार्शमॅलोही येतात. गरम कोकोवर तरंगणारे ते पांढरे चौकोनी तुकडे मुलांचे जीव की प्राण. बाजारच्या पिशवीमागची यादी वाचली, तर कॉर्न सिरप, साखर, कृत्रिम स्वाद आणि पांढऱ्याशुभ्र मार्शमॅलोतसुद्धा कधी कधी चिमूटभर निळा रंग सापडतो. म्हणून आता पुष्कळ आया मध वापरून हे घरीच करतात. मीही करते आणि आवडीने करते. पण आमच्याकडे एकदा जे झालं, त्यानंतर या पदार्थाबद्दल मी भेटेल तिला सांगत असते.

ओळखीच्या एका घरातून डबा आला होता. वर सुंदर रिबन आणि कार्ड: साखर नाही, रंग नाही, सगळं नैसर्गिक. सासूबाई तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होत्या. त्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा चालत नाही. ‘मधाचं आहे, साखरही नाही’ म्हणून त्यांनी गरम दुधासोबत दोन तुकडे हौसेने खाल्ले. संध्याकाळी मी कृती विचारायला फोन केला, तेव्हा कळलं की त्यात गायीचं जिलेटिन होतं. देणारीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या दृष्टीने ते नैसर्गिकच, आणि खरंच ते नैसर्गिकच असतं. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. “आधी कळलं असतं तर मी घेतलंच नसतं गं,” एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी उपास केला. त्या दिवशी त्यांचा चेहरा किती उतरला होता, ते मी विसरू शकत नाही.

त्याच संध्याकाळी जाऊबाई सात महिन्यांच्या बाळाच्या ओठाला तोच तुकडा लावणार होत्या. सोबत बसलेली माझी मैत्रीण परिचारिका आहे. तिने पटकन हात धरला. “यात मध आहे ना? मग नाही द्यायचा.”

आधी जिलेटिनबद्दल. मूळचा मार्शमॅलो दलदलीत वाढणाऱ्या एका झाडाच्या मुळांपासून करत. युनानी औषधांत आपल्याकडे त्याला खतमी म्हणतात. त्या मुळाचा चिकट रस अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घालून फेटायची रीत 19व्या शतकात फ्रान्समध्ये होती. पुढे त्या रसाची जागा जिलेटिनने घेतली, आणि आज बहुतेक मार्शमॅलोत मुळाचा अंशही नसतो. जिलेटिन निघतं ते गायीच्या किंवा डुकराच्या कातडी-हाडांतून, काही वेळा माशांच्या कातडीतून. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून आपण निश्चिंत होतो. अमेरिकेत असा ठिपका सक्तीचा नाही, त्यामुळे यादीच वाचावी लागते. कोशरची, म्हणजे ज्यू आहारनियमांची, खूण पाहून शाकाहारी समजू नका. कोशर जिलेटिन गायीचंही असतं, माशाचंही. मासे खाणाऱ्यांसाठी माशाचं जिलेटिन घेणार असाल, तर ते घट्ट होणारं आहे ना, हे पाहून घ्या. थंड समुद्रातल्या माशांचं जिलेटिन खोलीच्या उष्णतेला धरतच नाही.

शाकाहारी घरासाठी चायना ग्रास म्हणजे आगर वापरता येतं, पण त्याचा गोळा ताणला जात नाही, कचकन तुटतो. छोले उकडलेलं दाट पाणी फेटून, त्यात साखरेचा पाक आणि उकळलेलं आगर घातलं, तर बऱ्यापैकी हलका तुकडा मिळतो. जिलेटिनची लवचीकता त्याला येत नाही. तशी अपेक्षाही ठेवू नका आणि देतानाही तसं सांगा. सासूबाई आल्या की मी हेच करते, आणि त्या ते मनापासून खातात.

आता मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कोणत्याच रूपात देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा वाढत नाहीत, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बद्धकोष्ठ होतं, रडणं क्षीण होतं, बाळ दूध नीट ओढत नाही, पापण्या जड होतात, अंग सैल पडतं. अशी चिन्हं दिसली तर घरगुती उपाय न करता तडक इस्पितळ गाठावं. “पण आपण मध उकळतोच की!” असं मला नेहमी ऐकवतात. मार्शमॅलोचा पाक साधारण 115 अंश सेल्सियसपर्यंत जातो. हे बीजाणू मारायला दाबाखाली 121 अंशांची वाफ लागते. भांड्यातल्या उकळीवर बाळाचा जीव सोडता येणार नाही. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर मध चाटवायची आणि गुटी मधात उगाळायची चाल आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या आईनेही ते केलं. तिच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, ते आता करू नका. गुटी द्यायचीच असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

मधाऐवजी मेपल सिरप घेतलं, तर हा प्रश्न मिटतो. पाकाचं तापमान तेच. तरीही बाळाला मार्शमॅलो द्यायचा नाही. हा मऊ, चिकट तुकडा घशात बसतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने लहान मुलांच्या घशात अडकू शकणाऱ्या पदार्थांच्या यादीत मार्शमॅलो घातला आहे. आणि मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनो, साखर नाही म्हणून चार खाऊ नका. मधानेही रक्तातली साखर वाढते.

करायचेच असतील तर असे करा. जिलेटिनच्या तीन पुड्या, म्हणजे साधारण 21 ग्रॅम, अर्धा कप थंड पाण्यात भिजत घाला. पसरट नाही, उंच पातेलं घ्या, कारण मध उकळताना भसकन वर येतो. एक कप मध, अर्धा कप पाणी आणि चिमूटभर मीठ 240 अंश फॅरेनहाइटपर्यंत उकळा. तापमापकाशिवाय करू नका, आणि तो बरोबर आहे का, ते आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. तिथे 212 दाखवायला हवं. या पाकाचा थेंब हातावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, तिथेच चिकटून भाजत राहतो. म्हणून ही पायरी होईपर्यंत मुलं ओट्यापाशी नकोत. त्यांचं काम नंतर आहे: पीठ भुरभुरणं, कापणं, चाखणं.

फेटणी मंद चालू ठेवून पाक भिजलेल्या जिलेटिनमध्ये कडेने धारेने सोडा. सुरुवातीला भिजल्या जिलेटिनचा एक वशट वास येतो, नाकाला स्पष्ट कळतो. मग वेग वाढवा. तपकिरी द्रव आधी पिवळसर होतो, मग साईसारखा पांढरा, आणि दहा-बारा मिनिटांनी फेटणीच्या तारांभोवती त्याचे लांब धागे ओढले जाऊ लागतात. तेव्हा थांबा. शेवटी व्हॅनिला घाला. आरारूट भुरभुरलेल्या ट्रेमध्ये पसरून रात्रभर उघडं ठेवा. मधाचे मार्शमॅलो दमट हवेत ओलसर होतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काडीला लावून शेकोटीवर धरले तर बाजारच्यांपेक्षा फार लवकर पाघळतात, ते कोकोसाठीच ठेवा.

ताजं अननस, पपई, किवी किंवा आल्याचा रस यात कच्चा घालू नका. त्यांतली द्रव्यं जिलेटिन तोडतात. चहात कच्चं आलं पडलं की कधी दूध फाटतं, त्यामागेही आल्यातलं तसंच द्रव्य असतं. रस आधी चांगला उकळून घेतला की चालतो, आणि थंडीत आल्याचे मार्शमॅलो फार छान लागतात. गुलाबी रंगाला बिटाचा रस पुरतो. पेपरमिंटचं शुद्ध तेल मात्र चमच्याने ओतायची वस्तू नव्हे. स्वादासाठी मिळणारा अर्क वेगळा असतो, तोच घ्या. खतमीच्या मुळाचा काढा घालायची टूम निघाली आहे, ती टाळलेली बरी. रोजची औषधं चालू असलेल्यांना तो देऊ नये, कारण त्या चिकटपणामुळे गोळीचं शोषण मंदावू शकतं.

डबा द्याल तेव्हा झाकणावर चार ओळी लिहा: जिलेटिन कोणत्या प्राण्याचं किंवा त्याऐवजी काय, मध आहे की नाही, एक वर्षाखालच्या बाळाला चालत नाही, आणि केल्याची तारीख. आणि तुमच्या दारात बिनचिठ्ठीचा डबा आला, तर खाण्याआधी फोन करून विचारा. कोणी रागावत नाही.