खामगांव : कापसाचें शहर

आपल्या जिल्ह्यांतील खामगांवच्या उत्कर्षास दूर अमेरिकेंतील यादवी युद्धानें हातभार लावला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १८६१ ते १८६५ या काळांत लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध सरतांच भाव कोसळले, पण पेठ टिकली. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब-खामगांव हा अवघा ८ मैलांचा लोहमार्ग खुला झाला. पुढें जिन-प्रेस आले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागे. सरकी निघे, रुईच्या गांठी मुंबईस जात. मात्र यंत्रापुढें दिवसभर रुईची धूळ गिळणाऱ्या बायांचा उल्लेख इतिहासांत क्वचितच येतो. हंगाम सरला कीं मजुरी सरे. मग ज्या चांदीसाठीं खामगांव प्रसिद्ध, तिचेच वाळे कित्येकींना गहाण टाकावे लागत.